नळ चावतो

त्या हिवाळ्यात आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बिऱ्हाडांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि एकमताची आम्हाला अजिबात सवय नव्हती. पार्किंगवरून वाद, जिन्यातल्या दिव्यावरून वाद, गच्चीच्या किल्लीवरून तर अबोले. पण सकाळचं पाणी चावतं, यावर तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत कोणाचंच दुमत नव्हतं. "काय चावतंय हो पाणी!" असं एक बाई जिन्यात म्हणाली की दुसरी लगेच पदरात हात गुंडाळून घ्यायची. नाशिकची थंडी आहेच तशी. मार्गशीर्षात गच्चीच्या टाकीतलं पाणी हातावर पडलं की बोटं आपली राहत नाहीत. त्यामुळे चावतं म्हणजे गार आहे, एवढा सरळ हिशोब होता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सिडकोच्या पुढे, पाथर्डी फाट्याच्या अंगाला, आमच्यासारख्या बिल्डिंगा भराभर उठत होत्या, आणि गिझर नावाची नवी चैन घराघरात शिरत होती. मी वायरिंगची कामं करायचे. आयटीआयला वायरमनच्या वर्गात मुलगी म्हणून मी एकटीच होते, आणि लग्नानंतरही मी ते काम सोडलं नाही. नवरा अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा, मी सकाळी घरचं आवरून मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानात बसायचे, आणि उरलेल्या वेळात कोणाचा पंखा, कोणाची बेल. स्वभाव पहिल्यापासून तडतडी. नवरा लोकांना सांगायचा, "हिला शॉक लागत नाही, शॉकला ही लागते."

दिवाळी झाली आणि आत्याबाई आमच्याकडे राहायला आल्या. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. त्यांचं गाव वणीच्या अलीकडे. विहिरीवरची थोडी जमीन, तिच्यात शेवंती आणि झेंडू. सासरे गेल्यावर शेती थोरल्या दिरानं बघायला घेतली आणि माझ्या नवऱ्यानं हट्टानं आईला शहरात आणलं. मला त्या फार आवडायच्या. सुना हे सहसा कबूल करत नाहीत, मी करते. लग्नात सासरचे लोक 'पोरगी वायरी ओढती म्हणं' असं कुजबुजत होते, तेव्हा भर मांडवात त्या म्हणाल्या होत्या, "आमी फुलं ओवतो दोऱ्यात, ती दोरा ओवती भिंतीत. फरक काय हाय त्यात?" त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात आईच्या जागी बसवून टाकलं.

त्यांचे हात बघत बसावेत असे होते. फुलबाजारातून नवरा येताना शेवंतीची एक पिशवी आणायचा आणि त्या गॅलरीत पाय पसरून ओवायला बसायच्या. सुईकडे बघायच्याच नाहीत. माझ्याशी गप्पा चाललेल्या, डोळे रस्त्यावर, आणि मांडीवर वेणी आपली वाढत चाललेली. बिल्डिंगमधल्या बायका ओळखीच्या नव्हत्या म्हणून त्या कोणाच्या घरी जात नव्हत्या, पण त्यांच्या वेण्या आधीच सगळ्यांच्या देवापर्यंत पोचल्या होत्या.

आणि मग थंडी वाढली तसे ते हात बिघडले.

"हाताला झिणझिण्या येतात गं," एका सकाळी त्या म्हणाल्या. मी म्हटलं, गारठ्यानं असेल. मग रोजच. कोपरापर्यंत जातात, म्हणाल्या. डॉक्टरांकडे नेलं. चांगले डॉक्टर होते, नीट विचारपूस करणारे. कधीपासून, किती, साखर आहे का, मानेत दुखतं का. रक्त तपासलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या, वयानं नसा हळव्या होतात म्हणाले. झिणझिण्या म्हटल्यावर डॉक्टर नसांचाच विचार करणार. आत्याबाईंनी गोळ्या नेमानं घेतल्या. थंडी वाढत गेली आणि झिणझिण्याही.

त्यांच्या मनात काय चाललंय ते मला उशिरा कळलं. त्यांच्या थोरल्या बहिणीचे हात असेच गेले होते. आधी झिणझिण्या, मग सुई सुटायला लागली, मग भाकरी थापता येईना, आणि मग ती बाई कितीतरी वर्षं ओट्यावर हात मांडीत घेऊन बसून राहिली. आत्याबाईंनी ते सगळं जवळून बघितलं होतं. एके दिवशी नवऱ्यानं शेवंती आणली तर म्हणाल्या, "नको आणत जाऊ." पिशवी तशीच कोपऱ्यात सुकली.

मग त्यांनी जाहीर केलं की त्या गावी परत जाणार. रविवारी थोरल्यानं जीप घेऊन न्यायला यावं, असा निरोप नवऱ्याला द्यायला लावला. पत्र्याची पेटी भरून पलंगाखालून बाहेर काढली. मी भांडले, रडले, रागावून जेवले नाही. त्यांचं एकच. "हात गेलेली म्हातारी शहरात काय करनार? चार भिंतीत बसून तुमाला वझं. गावाकडं निदान बांधावर बसून पाखरं तरी हाकीन." मला त्या जायला नको होत्या, आणि आपले हात गेले असं मानून तर मुळीच जायला नको होत्या. पण माझ्याजवळ त्यांना अडवायला रडण्याखेरीज काही नव्हतं.

त्याच आठवड्यातली सकाळ. मी ओट्याशी पोहे भिजवत होते, आत्याबाई मागच्या गॅलरीतल्या नळावर तांब्या भरायला गेल्या. ठण्णकन तांब्या पडल्याचा आवाज आला. मी धावले. त्या उजवा हात डाव्या हातात धरून उभ्या होत्या.

"चावलं पाणी?" मी विचारलं. सगळे विचारायचे तसंच.

त्या वैतागल्या. "पानी कशाला चावतंय? पानी गरीब बिचारं. नळ चावतो."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे! बादलीतलं पानी घे, तांब्यातलं घे. गार लागतं, पन चावत नाय. तोटी धरली का चावतो. सोडली का सोडतो. तुमच्या बिल्डिंगीत सगळे पान्यालाच नावं ठेवतात, मी म्हटलं ठेवू द्या."

मी जागच्या जागी उभी राहिले. तोटी धरली की चावतो, सोडली की सोडतो. आयटीआयच्या मास्तरांनी शॉकची व्याख्या याहून वेगळी शिकवली नव्हती. आमच्या भाषेचाही गुन्हा होताच थोडा. नस दबली तरी झिणझिण्या, पाय मुडपून बसलं तरी झिणझिण्या, आणि बारीक करंट लागला तरी झिणझिण्याच. एका शब्दाच्या पोटात तिन्ही दुखणी, आणि आम्ही सगळे चुकीचं दुखणं धरून बसलो होतो.

मी टेस्टर आणला, हाताचा आडोसा केला आणि तोटीला टेकवला. आतला दिवा मिणमिणला. अगदी बारीक, नारिंगी. मी अशी किंचाळले की रात्रपाळी करून झोपलेला नवरा उठून धावत आला. "नळात करंट आहे!" मी ओरडले, आणि मला इतका आनंद झाला होता की तो माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघायला लागला. नळात करंट आला म्हणून टाळ्या पिटणारी बायको त्याने पहिल्यांदाच पाहिली असेल.

मग मला एवढे दिवस का नाही कळलं? तेही लगेच उलगडलं. माझ्या पायात घरातसुद्धा रबरी स्लीपर असायची. मास्तरांची शिकवण, पायाखाली रबर असल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. त्यावरून आत्याबाई मला टोमणे मारायच्या, सैंपाकघरात पायताण घालती म्हणून. त्या मात्र अनवाणी, आणि गॅलरीतली फरशी सदा ओली. न्हाणीघरातला नळ म्हणाल तर तो मागच्याच वर्षी फुटला होता आणि नवऱ्यानं तिथं पांढरा प्लास्टिकचा बसवला होता. म्हणजे त्या घरात अनवाणी ओल्या जमिनीवर उभं राहून लोखंडाला हात लावणारं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाला आम्ही ताकदीच्या गोळ्या देत होतो.

"आत्याबाई, तुमच्या हातांना काही झालेलं नाही!" मी त्यांना मिठी मारली.

त्यांनी मला बाजूला केलं. "मला ठिवून घ्यायला बोलतीस."

"अहो, देवाशपथ!"

"बहिनीला कुठं नळ व्हता? आडाचं पानी व्हतं तिच्याकडं. तरी गेलेच ना हात?"

तो प्रश्न मलाही आतून टोचायला लागला. नळ चावत होता हे खरं. पण हातही जात असतील तर? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. नळ दुरुस्त करूनही झिणझिण्या राहिल्या तर मी काय तोंड दाखवणार होते? म्हणून मी ठरवलं की रविवारच्या आत नळ असा स्वच्छ करायचा की तो धरून त्यांनी स्वतः सांगावं. तोवर घरात फर्मान काढलं की अनवाणी पायाने कोणी नळाला शिवायचं नाही. आत्याबाई स्लीपर घालणार नव्हत्याच, तेव्हा त्यांनी पिंपातलं पाणी घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिझर चालू असायच्या वेळेला, आम्ही शोध सुरू केला. तळमजल्यावर आमचे चेअरमन राहायचे, मराठीचे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. त्यांना जिन्याखालच्या मीटरपाशी उभं केलं. नवरा एकेका घराचा मेन स्विच बंद करणार, चेअरमन त्या घराचं नाव पुकारणार, आणि मी वर गॅलरीत नळ आणि ओली जमीन यांच्यात व्होल्ट मोजायचा काट्याचा मीटर लावून बसलेली. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर. "तळमजला डावीकडचे बंद!" खालून आवाज. "आहे अजून!" मी वरून. "उजवीकडचे बंद!" "आहे!" गणपतीच्या आरतीला आलं नसेल एवढं त्वेषाचं वारं बिल्डिंगमध्ये शिरलं. आत्याबाई माझ्याशेजारी बसून काट्याकडे बघत होत्या. "सुई नाचती का गं?" त्या विचारायच्या. त्यांना सुई म्हटलं की जवळचं वाटत असावं.

आमच्या डोक्यावर राहणाऱ्या काकूंचा मेन बंद झाला आणि काटा धाडकन खाली आला.

"गेला!" मी ओरडले. खाली टाळ्या. वर काकूंनी दार उघडलं आणि जिन्यातूनच सुरू झाल्या. "आमचा गिझर नवा कोरा आहे! आमच्यावर कशाला घालता? आम्हाला कोणाला नाही शॉक बसत!" तेवढ्यात त्यांचे यजमान मागून हळूच म्हणाले, "मला बसतो. मी म्हटलं, थंडी आहे." काकू त्यांच्याकडे अशा वळल्या की बिचारे आत निघून गेले. गिझर उघडला तेव्हा आतली कॉइल चिरलेली निघाली. आणि काटा पूर्ण शून्यावर मात्र आला नाही. थोडा उरलाच. शोधत गेले तर तो आमच्याच फ्रिजचा निघाला. वायरवालीच्या घरात! काकूंना हे कळल्यावर त्यांनी मला खास लाडू आणून दिला. हा दिव्याखालचा अंधार त्यांनी पुढे कित्येक हळदीकुंकवांना सांगितला.

पण खरी गंमत पुढे होती. गिझर बिघडतो, फ्रिज बिघडतो, ते चालायचंच. बिघडलेल्या यंत्रातला करंट अर्थिंगच्या तारेतून मुकाट जमिनीत उतरावा, म्हणून तर अर्थिंग असतं. बिल्डिंगमध्ये सगळ्या घरांच्या त्या तारा एकत्र येतात आणि एकच जाड तार जमिनीत जाते. ती जमिनीत नीट गेली असेल तर कोणाच्या घरात काय बिघडलं ते शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही. आणि नीट गेली नसेल तर एकाच्या गिझरचं दुखणं सगळ्यांच्या नळात. मी जिन्याखालच्या मीटरबोर्डाच्या मागे हात घालून ती तार चाचपली. ती जमिनीत जातच नव्हती. पाण्याच्या लोखंडी पाइपाला गुंडाळून ठेवली होती.

बिल्डिंग बांधणाऱ्यानं ती सोय केली होती. पाइप जमिनीतून येतो, तेव्हा तोच अर्थ. इतकी वर्षं त्यावर भागलंही. पण मागच्या उन्हाळ्यात गंजलेला पाइप गळायला लागला म्हणून सोसायटीनं जमिनीखालचा सगळा भाग काढून तिथं काळा प्लास्टिकचा पाइप टाकला होता. नळ वर लोखंडाचेच राहिले, आणि त्यांचं जमिनीशी असलेलं नातं तुटलं. बिल्डिंगभरचा करंट आता जायला जागा नाही म्हणून नळातच फिरत बसलेला.

"असं कसं?" चेअरमन म्हणाले. "आपल्याला अर्थिंगचा खड्डा आहे. मी स्वतः त्याला पाणी घालतो."

हे खरं होतं. कंपाउंडच्या कोपऱ्यात जमिनीतून नरसाळ्यासारखं तोंड असलेला एक पाइप वर आलेला होता. बिल्डिंगचा ताबा देताना बांधणाऱ्यानं सांगितलं होतं की उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घालत जा, ओल राहिली पाहिजे. गुरुजींनी ते व्रत घेतल्यासारखं पाळलं. आंघोळ झाली की बादली घेऊन यायचे आणि त्या नरसाळ्यात ओतायचे. पाऊस चालू असतानासुद्धा छत्री धरून ओतताना मी त्यांना पाहिलंय. आम्ही कुदळ आणली. हातभर खाली गेलो आणि पाइप संपला. खाली ना तांब्याची पाटी, ना कोळसा, ना मीठ, ना तार. नुसता मुरूम. इतक्या वर्षांचं पाणी गुरुजींनी मुरुमाला पाजलं होतं.

गुरुजी खड्ड्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता चिडणार. पण ते सरळ झाले आणि वर्गात म्हणावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "म्हणजे आपल्या बिल्डिंगला आजवर अर्थच नव्हता!" असा हशा उसळला की रस्त्यावरची माणसं थांबली. जिन्यातल्या दिव्यावरून एकमेकांची तोंडं न बघणारे दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते. आणि पुढे सगळ्यात जोरात कुदळ चालवली ती गुरुजींनीच.

नवीन खड्डा कुठे करायचा यावर माझं आणि आत्याबाईंचं वाजलं. मला मीटरच्या जवळ हवा होता, तार आखूड राहते. आत्याबाई आपण होऊन खाली उतरल्या, आल्यापासून पहिल्यांदाच. कंपाउंडभर फिरल्या, माती चिमटीत घेऊन चोळली. "हितं कोरडं हाय. मूळ धरायचं नाय." मागच्या भिंतीपाशी, मोरीचं पाणी जिरतं तिथं कोणीतरी अळू लावलं होतं. त्यांनी तिकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, लांब पडतं. त्या म्हणाल्या, लांब पडू दे, ओल तरी हाय. गुरुजी म्हणाले, "तार वाढवता येते, ओल वाढवायला पुन्हा मलाच बादली घ्यावी लागेल." खड्डा अळूपाशी झाला. अळूची भाजी मात्र त्या आठवड्यात सगळ्यांना खावी लागली.

मला ते दिवस अजून झगझगीत आठवतात. खणायला दोन माणसं लावली होती, पण संध्याकाळी कामावरून परतलेला प्रत्येक जण पँट दुमडून खड्ड्यात उतरायचा. पुरुषभर खोल गेल्यावर काळी, थंड, ओली माती लागली तेव्हा मी वरून वाकून नुसती 'वा, वा' करत होते, जसं काही कोणी गाणं म्हणतंय. तांब्याची पाटी दुकानाच्या मालकांनी मिळवून दिली. पाटीला तार जोडली, खाली सोडली, मग कोळशाचा थर, खड्या मिठाचा थर, पुन्हा कोळसा. बायका गाणं म्हणत मिठाची घमेली हातोहात देत होत्या. पुढे दोन हजार सालानंतर मी स्वतः ठेके घ्यायला लागले. गंगापूर रोडला, सिन्नरच्या कारखान्यांत, कुठे कुठे खड्डे भरले. मापाचे, यंत्राने तपासलेले, कागदावर सही झालेले. पण मीठ ओतताना गाणं सुरू झालेला खड्डा तो एकच. आणि आत्याबाईंनी तेव्हा मिठाला हात लावला नाही. भिंतीला टेकून, हात पदराखाली घेऊन, लांबून बघत होत्या. "माझ्या हातून सांडंल," एवढंच म्हणाल्या. ते ऐकून माझं सगळं हसू जिरलं.

शनिवारी दुपारी तार जोडली. आता परीक्षा. फेज, म्हणजे करंटची तार, आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावायचा, अर्थ खरा असेल तर बल्ब पूर्ण पेटतो. मी सगळ्या घरांना ओरडून सांगितलं की आता कोणी नळाला हात लावू नका. अख्खी बिल्डिंग जिन्याखाली जमली. जुन्या तारेवर हाच बल्ब मेल्या निखाऱ्यासारखा लालसर दिसला होता. मी बटण दाबलं. भर दुपारी डोळे दिपावेत असा तो पेटला. गुरुजींनी हात जोडले. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी मागे वळून आत्याबाईंना शोधत होते. त्या खाली आल्याच नव्हत्या.

मी जिना एका दमात चढले. नवरा माझ्या मागे. आत्याबाई गॅलरीत नळापुढे उभ्या होत्या. फरशीवर पाणी, पायात काही नाही. पेटी दाराशी. दीर उद्या येणार होता. काकूंचा गिझर दुरुस्त होऊन चालू होता, आमचा फ्रिजही चालू होता. मी मीटर लावून काटा पाहिला. तो हलला नाही. आता मला फक्त 'धरा' म्हणायचं होतं. काटा खोटं बोलत नाही, पण हातांचं काय? हात खरंच गेलेले असतील तर आज, आत्ता, माझ्यासमोर कळणार होतं.

त्यांनी डोळे मिटले आणि तोटी धरली.

धरूनच ठेवली. त्यांनी दुसरा हातही तोटीवर ठेवला. मग तोटी पिळली, पाणी सोडलं, बंद केलं, परत सोडलं.

"आत्याबाई?" मी म्हटलं.

"नाय चावत," त्या म्हणाल्या. मग हात डोळ्यांसमोर धरून दोन्ही बाजूंनी बघितले. "झिनझिन्या बी नाय."

"नाहीत ना? अजिबात नाहीत?"

त्या तशाच ओल्या हातांनी दाराबाहेर पडल्या आणि समोरच्या घराची बेल वाजवली. त्या घरच्या बाईनं दार उघडलं, त्यांनी तिला नावही सांगितलं नाही, सरळ आत जाऊन स्वयंपाकघरातला नळ धरला. "नाय चावत," म्हणाल्या. मग शेजारचं घर. मग वरचं. मी मागे, नवरा मागे, जिन्यात जमलेली बिल्डिंग मागे. आल्यापासून कोणाच्या उंबऱ्यात न गेलेली बाई अनवाणी प्रत्येक घरात शिरत होती, ओल्या मोरीत उभी राहून नळ दोन्ही हातांनी धरत होती आणि सांगत होती, नाय चावत. काकूंच्या घरी पोचेपर्यंत त्या रडत होत्या. काकू घाबरल्या, "अहो काय झालं, बसला का शॉक?" आत्याबाईंनी नळ सोडला आणि काकूंचेच दोन्ही हात घट्ट धरले. "माझे हात गेले नाय वो," त्या म्हणाल्या. "माझे हात गेले नाय. मी बहिनीवानी नाय झाले." काकूंना बहिणीचं काहीच माहीत नव्हतं, तरी त्याही रडायला लागल्या. मी तर जिन्यातच बसले आणि मोठ्यानं रडले, नवऱ्यासमोर, गुरुजींसमोर, कोणाचीही लाज न बाळगता.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पीसीओतून नवऱ्यानं गावातल्या दुकानात फोन लावला आणि दिराला बोलावून आणायला सांगितलं. तो यायला वेळ लागला. तोवर आत्याबाई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. दीर आला, उद्या किती वाजता निघू असं विचारत असावा.

"न्यायला येऊ नको," त्या म्हणाल्या. "शेवंती पाठव. हात रिकामे हायेत माझे."